देशपांडे नगरातील टकळी

हुबळीच्या देशपांडे नगरात एका ओसरीवर वृद्ध आजीबाई टकळीवर सूत कातीत बसल्या होत्या. याच शहरी बेंगेरी येथे १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात खादीचे राष्ट्रध्वज बनतात. आजींचा मात्र हा केवळ छंद.

मी टकळी घेतली; घाईने पेळू ओढताच धागा तुटला.

“टाकू नकोस, बाळा. टोकाचा पीळ उकल, ते पेळूच्या तंतूंवर ठेव, मग हळूच गिरकी दे.”

धागा सांधला गेला. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीच्या हातीही चातीच आहे, याची आठवण झाली.

धाकट्या भावाशी माझे बोलणे दोन वर्षे तुटलेले होते. गावी परतताच प्रथम त्याच्या दारी गेलो.