टॅब्लेटची गवसणी

वस्तु मोलाची असली कीं तिला वेष्टण हवें, ही समजूत आपल्या लोकांत जुनीच आहे. तंबोऱ्यास गवसणी, पोथीस रुमाल, चष्म्यास घर आणि जून महिन्यांत नव्या पुस्तकांस खाकी कागद, हें आपण कोणी न सांगतां करितों. २०२० सालीं महामारीमुळें शाळांचे वर्ग बंद होऊन शिक्षण पडद्यावर आलें, तेव्हांपासून कित्येक घरांत टॅब्लेट नांवाच्या काचेच्या पाटीची भर पडली. आमच्या घरीं ती एकच आहे व भावंडें तीन. वडिलांनीं काटकसरीनें जमविलेला पैसा तींत गुंतलेला. ती फुटली तर तिघांचाहि अभ्यास अडावयाचा. म्हणून तिच्यासाठीं कव्हर निवडणें हें काम आम्हांस क्षुल्लक वाटलें नाहीं.

दुकानांत प्रथम भुरळ पडते ती रंगाची व नक्षीची. परंतु आम्हीं मनाशीं एकच प्रश्न धरिला: ही पाटी हातून सुटली तर पडेल कशी? सपाट क्वचितच, बहुधा कोपऱ्यावर. तेव्हां साऱ्या आघाताचा भार तिळाएवढ्या जागेवर एकवटतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फार थोडा. म्हणून ती किंचित् वांकली तरी तडा जातो. मऊ पदार्थ आघात नाहींसा करीत नाहीं. तो थांबण्याचा काळ लांबवितो, आणि काळ वाढला कीं बल कमी होतें. चेंडू झेलतांना खेळाडू हात मागें घेतो, त्यांतलेंच हें तत्त्व. यास्तव टीपीयू नांवाच्या लवचीक प्लॅस्टिकचें, कोपऱ्यांशीं जाड असलेलें कव्हर आम्हांस पटलें. त्याची कड पडद्याहून थोडी उंच हवी, म्हणजे पाटी सपाट जमिनीवर पालथी पडली तरी काच टेकत नाहीं.

२०११ सालीं ॲपल कंपनीनें आयपॅड २ बरोबर लोहचुंबकानें चिकटणारें झांकण आणलें. तें उघडतांच पडदा जागा होई, मिटतांच निजे. युक्ति मोठी गमतीची; पण पाठ व कोपरे उघडेच राहात. सोय निराळी, संरक्षण निराळें.

कांहीं कव्हरांवर अमेरिकेच्या सैन्याच्या ८१० क्रमांकाच्या कसोट्यांचा उल्लेख असतो. त्यांतील एका कसोटींत वस्तु १२२ सेंटिमीटर उंचीवरून एकंदर २६ वेळां पाडतात. २६ च कां? पेटीस पृष्ठें ६, कडा १२ व कोपरे ८. विद्यार्थ्यांनीं बेरीज करून पाहावी! मात्र ही परीक्षा बहुधा कव्हर करणारे स्वतःच घेतात किंवा घेववितात. तो सैन्यानें दिलेला दाखला नव्हे, हें पालकांनीं ध्यानीं ठेवावें.

जाडीसहि मर्यादा आहे. फार जड कव्हर लहान हातांस पेलत नाहीं, आणि जें पेलत नाहीं तें पडतेंच. शिवाय उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. म्हणून चार्ज करितांना पाटी फार तापल्यास कव्हर काढून ठेवणें बरें.

सरतेशेवटीं आम्हीं साधें काळें कव्हर घेतलें. फुलपांखरांचें मिळालें नाहीं म्हणून धाकटी दोन दिवस रुसली, पण पुढें तीच तें रोज पुसूं लागली. कव्हर आहे म्हणून पाटी कोठेंहि टाकावी, असें मात्र नव्हे. ती टेबलाच्या काठावर न ठेवणें, चार्जरची तार वाटेंत न सोडणें, ही खरी पहिली गवसणी; ती कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, आणि तिला दामहि पडत नाहीं.