दादा, रोपं अजून पडवीतच असू देत

दादा,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? "मिरचीची रोपं आणलीत, तू लावलीस ना, मग उद्या मीही उरकून टाकतो," एवढं सांगून मोकळा झालास. इतक्या वर्षांनी उसातून थोडं रान सोडवून तरकारीकडे वळलास, किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण घाई का करतोस?

मी लावली म्हणून तू लावू नकोस. माझं रान न्हावऱ्याच्या माळावरचं, मुरमाड, उथळ. ऊन पडलं की घटकाभरात तापतं. म्हणून रथसप्तमी झाल्या झाल्या मी लावून घेतली, कारण मला उशीर परवडत नाही. मार्च सरता सरता इथे असा झळांचा वारा सुटतो की कोवळं रोप दुपारी मान टाकतं ते टाकतंच. तुझं रान पारगावचं, भीमेच्या कडेचं, काळं आणि खोल. गार हवा जड असते, रात्री ती उताराने खाली येते आणि नदीकाठच्या सखल रानात साचून राहते. त्यात तुझ्या तिन्ही बाजूंना ऊस. सकाळी किती वेळ तुझ्या बांधावरचं दव हलत नाही, हे मी का तुला सांगायचं? टीव्हीवर पुण्याची थंडी म्हणून सांगतात तो आकडा शिवाजीनगरचा. तो बघून तू रोपं काढणार का?

रात्रीचा पारा पंधराच्या खाली राहिला तर मिरची मरत नाही, पण बसून राहते. नवं पान नाही, पांढरी मुळी नाही. गार, ओल्या काळ्या मातीत बुडखा कुजतो, आणि अशा अडून बसलेल्या रोपावर फुलकिडे आले की बोकड्या ठरलेला. आधी लावलेली मिरची तेवढेच दिवस आधी तोडायला येते, असं तुला वाटतं ना? नाही येत रे. शिवरात्रीची लागवड तिला गाठते आणि पुढे जाते. मला उशिराची भीती आहे, तुला नाही. तुझी काळी ओल धरून ठेवते, उसाचा आडोसा वारा अडवतो. एवढं देणं असलेलं रान वाट्याला आलंय, तर त्याच्या कलाने घे की थोडं.

आई काय करायची, आठवतं? पहाटे चपला बांधावर ठेवून वाफ्यात उतरायची आणि ओल्या मातीत पाय रोवून उभी राहायची. तळवे कळवळले की तशीच माघारी. "अजून नाही," एवढंच. आपण दोघं चुलीपाशी हात शेकत बसलेलो, आणि तिच्या पायांना घोट्यापर्यंत काळा चिखल. उपटायच्या आधी पाच-सहा दिवस ती रोपांचं पाणी तोडायची. कोवळ्या हिरव्या देठावर जरा काळपट झाक आली, पान जाड लागलं, की मग आदल्या दिवशी भिजवून सांजच्याला लावायची. आता रोपं ट्रेमध्ये येतात, कोकोपीटमध्ये वाढलेली, शेडनेटखालची. उघडं ऊन त्यांनी पाहिलेलंच नसतं. ती थेट सिल्व्हर मल्चिंगवर नेऊन लावायची? दुपारी त्या कागदाच्या भोकातून जी वाफ येते, तिने कोवळी बुडं भाजतात.

तेव्हा एवढं कर. ट्रे पडवीत ठेव. दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखव, मग अर्धा दिवस, मग दिवसभर. पाणी बेताने, पान जरा मलूल दिसलं की मगच. अधूनमधून एखादं रोप गड्ड्यासकट वर काढून बघ. मुळी पांढरी हवी. बुडाशी गोल फिरून पिवळी पडायला लागली, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, मग शिवरात्रीची वाट बघू नकोस. शेजारचा ऊस अजून उभा आहे म्हणालास. तोही तुटून जाऊ दे. तोड झाली की लोक पाचट पेटवतात, आणि त्या धगीने बांधालगतच्या दोन सऱ्या करपलेल्या तूही पाहिल्या आहेस.

लहानपणी मामाकडे इनामगावला जायचो तेव्हा डेक्कन कॉलेजची माणसं घोड नदीच्या काठची टेकाडं उकरत होती. 1968 पासून कित्येक वर्षं ते काम चाललं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांचं गाव निघालं तिथे. त्यांचे जव-गहू, आणि पुराचं पाणी वळवायला काढलेला पाट. तू त्या पाटाच्या काठाशी किती वेळ उभा होतास! पाण्याचा नाद तुला तेव्हापासूनचाच.

आणि पाण्यावरूनच तुझ्याशी भांडायचंय. या आठवड्यात तुमच्या फीडरला लाईट रात्रीची आहे. उद्या लावलीस, तर पहिलं पाणी रात्री, तिसऱ्या दिवशीची आंबवणी रात्री. एकटाच बॅटरी घेऊन जाणार ना, उसाच्या कडेकडेने? आपल्याकडे बिबट्या काय ऐकीव राहिलाय का आता? वहिनी दारात बसून असते, तू येईपर्यंत. ती तुला बोलत नाही, मला सांगते. एवढ्या मोठ्या नदीकाठचा शेतकरी, पण पाणी कधी द्यायचं ते ठरवणार लाईटची पाळी, याचा राग मलाही येतो. दिवसाची लाईट हे काही मोठं मागणं नाही. पण ती मिळेपर्यंत निदान लावणी तरी दिवसाच्या पाळीत धर. रोपालाही मध्यरात्रीचं गार पाणी नको असतं.

रागावू नकोस. 2012 च्या दुष्काळात माझ्या विहिरीने तळ दाखवला, तेव्हा पुलावरून उसाचं वाढं तूच पाठवत राहिलास. एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाहीस. माझ्या दावणीची जनावरं त्या वर्षी तुझ्यामुळे राहिली. आज मी तुला शिकवते आहे असं समजू नकोस. तुझ्या रानाची माती माझ्याही पायाला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

लाईटची पाळी कधी बदलते ते कळव. लावायची ती ऊन कलल्यावरच, म्हणजे इकडची धार-पाणी आटोपून मला चारपर्यंत पोचता येईल. बाया सांगू नकोस, वहिनी आणि मी दोघी मिळून लावू. नांगे भरायला एक ट्रे मात्र मागे राखून ठेव.

तुझी,
धाकटी