११ ते ६

दिवाळी जवळ आली की आमच्या वाड्यात कागद जळल्याचा वास यायचा. कॅलेंडरचं जुनं जाड पान उलटं करून पट्टीनं आखायचं, खुणेवर पेटती उदबत्ती टेकवायची आणि भोक पसरायच्या आत फुंकर मारायची. झाला रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद! फुंकर चुकली की दोन भोकांचं एक व्हायचं. मग त्या साली वाड्यातल्या प्रत्येक दारात त्याच जागी एक ठिपका भोपळ्याएवढा, कारण चांगला कागद एकाच घरी असायचा आणि तोच सगळीकडे फिरायचा.

सगळ्यांचा लाडका आकार ११ ते ६. मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ६ पर्यंत. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. गेरूवर उमटायचा तो चक्क षटकोन. हा शब्द आम्हाला भूमितीच्या तासाला भेटला. अंगणात आम्ही त्याच्या कडेकडेनं उकिडवे बसून कधीचे रंग भरत होतो.

हिमकणही असाच सहा टोकांचा. पण पडणारा बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. फ्रीज आला तेव्हा वरच्या कप्प्यातला भुसभुशीत थर नखानं खरवडून पाहिला, तेवढाच. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हिमफूल कापायला लावायचे. कागद तीनदा दुमडायचा, कात्री चालवायची, उघडला की आठ पाकळ्या! खऱ्या हिमफुलाला असतात सहा. पण कागद सारखा तिहेरी दुमडायची चिकाटी कुणाकडे होती? बरोबर आकडा घरी अंगणात होता आणि भिंतीवर लागली ती आठ पाकळ्यांची.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ साली या सहाच्या आकड्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रागमध्ये पूल ओलांडताना कोटावर पडलेले हिमकण पाहून तो विचारात पडला, की हे पाच किंवा सात टोकांचे का नाहीत? त्याला मधमाश्यांचं पोळं आठवलं, डाळिंबाचे दाटीनं बसलेले दाणे आठवले. एका रुपयाभोवती सहाच रुपये चिकटून बसतात, तसंच काहीसं असावं असं त्याला वाटलं. पण पक्कं कारण हाती लागलं नाही. पाण्याचे रेणू गोठताना सहा-सहांची कडी करतात, हे कळायला विसावं शतक यावं लागलं.

त्या सहा फांद्या एकमेकींना विचारून वाढत नाहीत. कण इवलासा, त्यामुळे सहाही टोकांना एकाच वेळी तीच थंडी आणि तोच ओलावा मिळतो. तरी अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं काढलेले हिमकणांचे पाच हजारांवर फोटो पाहून फसू नये. तो देखणे कण निवडून घ्यायचा. बहुतेक कण वेडेवाकडेच असतात.

आमच्या रांगोळीचंही तेच. ताईची चिमूट बारीक, माझी सैल. दोघींनी तीन-तीन पाकळ्या वाटून घेतल्या की आई लांबूनच सांगायची, कुठली कुणाची ते.

आता छिद्रांचे तयार साचे मिळतात. तरी या दिवाळीला एकदा हातानं ११ ते ६ मांडा आणि रेघा ओढण्याआधी ठिपके मोजा. ९१ भरले पाहिजेत.