काका-पुतणे आणि खानदेश

धुळ्या-जळगावकडचा माणूस मुंबईला गेला की दादरला उतरतो आणि पुढे परळ-लालबागला जायचं असेल तर पश्चिम रेल्वेची लोकल धरून एकच स्टेशन जातो. त्या स्टेशनाचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं. त्याआधी कित्येक पिढ्यांनी पाहुण्यांना ‘एल्फिन्स्टनला उतरा’ असंच सांगितलं. हा एल्फिन्स्टन कोण, असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं: ते कॉलेजवाले साहेब. पण कॉलेजवाले साहेब वेगळे. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं, स्टेशन त्याच्या पुतण्याच्या, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच्या नावाचं. दोघेही मुंबईचे गव्हर्नर. काका १८१९ ते १८२७, पुतण्या १८५३ ते १८६०. या सरमिसळीने मुंबईचं काही बिघडत नसेल. खानदेशाचं बिघडतं. एकाच्या कारकिर्दीत आमच्या भिल्लांच्या हाती सरकारी बंदूक आली आणि दुसऱ्याच्या कारकिर्दीत तीच बंदूक भिल्लांवर चालली.

एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडमधलं जुनं सरदारी आडनाव. ते लावणारी माणसं एका साच्यातली कधीच नव्हती. पंधराव्या शतकातला बिशप विल्यम एल्फिन्स्टन विद्येचा माणूस. ॲबर्डीनचं विद्यापीठ त्याने १४९५ साली उभं केलं. आर्थर एल्फिन्स्टन, म्हणजे लॉर्ड बाल्मेरिनो, बंडखोर. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने तो लढला आणि १७४६ साली लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं गेलं. तिसरा जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. १८४२ च्या जानेवारीत त्याच्या हाताखाली सोळा हजारांवर माणसं काबूलहून परत निघाली आणि बर्फात, खिंडीतल्या गोळीबारात जवळजवळ सगळी संपली. त्यांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा, नोकराचाकरांचा आणि त्यांच्या बायकापोरांचा होता. जनरल स्वतः कैदेत वारला. ज्या शाह शुजाला गादीवर बसवण्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्याला माउंटस्टुअर्ट १८०९ सालीच पेशावरला भेटला होता आणि अफगाणांवर त्याने मोठा ग्रंथही लिहिला होता. काबूल जिंकता येईल, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात शुजाला टिकवणं हाताबाहेरचं आहे, हे त्याने आधी बजावून ठेवलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

मला या काकाबद्दल आदर आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला हा मुलगा पुढे १८११ साली पुण्याचा रेसिडेंट झाला. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, संगमावरचा त्याचा बंगला जळाला. त्यात त्याची पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. पेशवाई त्यानेच बुडवली, पण आपण काय बुडवलं याचा अभ्यास करणारा तो विजेता होता. १८१९ चा त्याचा अहवाल वाचताना गावची पाटीलकी, पंचायत, वतनं यांकडे त्याने किती बारकाईने पाहिलं ते कळतं. चांगलं चाललेलं मोडू नका, असा त्याचा एकूण रोख होता.

खानदेश मात्र चांगला चाललेला नव्हता. १८०३ च्या दुष्काळात आणि होळकरांच्या धामधुमीत धुळं पार ओस पडलं होतं. पुढच्या वर्षी विंचूरकरांकडच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे आला आणि फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरला जनरल हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम याला फासावर चढवलं, शिबंदी कापून काढली. त्या फाशीवर इंग्लंडच्या पार्लमेंटातही टीका झाली. एल्फिन्स्टनच्या हाताखालचा कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अशा मुलखाचा कारभारी म्हणून आला. त्याने ठाणं धुळ्याला केलं. तेव्हाचं धुळं म्हणजे पांझरा नदी आणि पाटाचं पाणी यांच्या मधे, मळ्यांनी वेढलेलं लहानसं गाव. ब्रिग्जने लांबलांबून गवंडी-सुतार आणून कचेऱ्या बांधल्या, नव्या पेठेत घरं बांधणाऱ्यांना कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, वर उचलही दिली. आजच्या धुळ्याची व्यापारी चाल तिथून सुरू झाली.

डोंगर मात्र हाती येत नव्हते. सातपुडा आणि सातमाळा इथल्या भिल्ल नाईकांनी वाटा रोखल्या होत्या. त्यांच्यावर पाठवलेले शिपाई हिवतापाने आडवे होऊन परतत. सात वर्षं हे चाललं. अखेर १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने धोरण बदललं: भिल्लांना जमीन, बैल, तगाई द्यायची आणि त्यांच्यातल्याच तरुणांची पलटण उभारायची. खानदेश भिल्ल कोअर ती हीच. तिचं ठाणं धरणगावला होतं. आपण धरणगाव ओळखतो ते बालकवींचं जन्मगाव म्हणून, आणि तेच बरं. पण बालकवींच्या आधी पासष्ट वर्षं तिथे जेम्स आउट्रम नावाचा बाविशीतला अधिकारी भिल्ल पोरांना कवायत शिकवत होता. हा शिकला ॲबर्डीनला, म्हणजे बिशप एल्फिन्स्टनच्या गावी. वाघाच्या शिकारीचं त्याला वेड. शिकारीच्या निमित्ताने तो पाड्यांवर भिल्लांतच राहायचा, त्यांच्या भरवशावर झोपायचा, आणि त्या विश्वासावर त्याने पलटण जमवली. इथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. बरोबर शंभर वर्षं आधी, १७२५ साली, इंग्रज सरकारने स्कॉटलंडच्या डोंगराळ टोळ्यांवर लक्ष ठेवायला त्याच डोंगरातल्या माणसांच्या तुकड्या उभारल्या होत्या. ब्लॅक वॉच पलटणीचं मूळ ते. डोंगराला डोंगराकरवी राखायचं, ही युक्ती स्कॉटिश घरात जन्मलेल्या गव्हर्नरला नवी नसणार.

आता पुतण्या. १८५७ साली मुंबई शांत ठेवून फौजा बाहेर पाठवल्या म्हणून इंग्रजी इतिहासांत त्याची वाहवा आहे. खानदेशात मात्र त्याच्या कारकिर्दीची आठवण वेगळी आहे. शिरपूरच्या पुढे, आग्रा रोडवर सेंधवा घाट लागतो. आज बिजासनी मातेच्या देवळापाशी ट्रकवाले गाडी थांबवून हात जोडतात, तोच. या घाटाची राखण खाज्या नाईक हा भिल्ल नाईक करत असे, तीही सरकारनेच दिलेली. एका प्रकरणात त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, तुरुंग भोगावा लागला. १८५७ च्या नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना याच घाटात त्याने लुटला. जो रस्ता त्याने वर्षानुवर्षं राखला, त्याचं प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ होतं. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. भिल्ल मोठ्या संख्येने पडले, त्यांच्या बायकापोरांना धरून नेलं. सरकारकडून लढणाऱ्यांत धरणगावच्या भिल्ल पलटणीचा कॅप्टन बर्च होता आणि त्याचे शिपाई होते.

त्या शिपायांचा विचार मला सोडत नाही. काकाच्या तगाईवर ज्यांचे बाप शेतकरी झाले असतील, अशी ती पोरं. समोरच्या गर्दीत कुणाचा मामा असेल, कुणाचा मेहुणा. पलटण उभारणाऱ्याने हे योजलं नव्हतं, असं मला वाटतं. पण डोंगराची राखण डोंगराकडून करून घेण्यात अंबापाणीचं बी होतंच. काकाला यातून वगळता येत नाही आणि पुतण्याच्या नावावर काकाचं श्रेयही चढवता येत नाही. काका १८५९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये वारला, पुतण्या १८६० च्या जुलैत. त्याच वर्षी खाज्या नाईकाला दगाफटक्याने मारलं. बाल्मेरिनोच्या बंडाला त्याच्या देशात गाणी-गोष्टी मिळाल्या. खाज्या नाईक सरकारी कागदांत दरोडेखोर म्हणून राहिला आणि पुढे आमच्या शाळेच्या पुस्तकांतही त्याला फारशी जागा मिळाली नाही. याची मला चीड आहे.

ब्रिग्जने सांगितलेली काकाची एक आठवण धुळ्याच्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवी. एल्फिन्स्टनच्या तंबूत एका कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. ब्रिग्जने विचारलं, हे कशासाठी? एल्फिन्स्टन म्हणाला, लोकांना शिकवण्यासाठी, पण आपला मायदेशी परतायचा राजरस्ताही हाच. ब्रिग्जला नवल वाटलं: गव्हर्नर असून तुम्ही हा रस्ता स्वतः खुला करता? एल्फिन्स्टनला मात्र ते आपलं कर्तव्यच वाटत होतं.

धुळ्यापासून जवळ, त्याच आग्रा रोडवर लळिंगचा किल्ला आहे. तिथल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. त्यांचं कॉलेज काकाच्या नावाचं आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. हे विद्यापीठ १८५७ च्या जुलैत, खजिना लुटला जाण्याच्या चार महिने आधी स्थापन झालं आणि त्याचा पहिला कुलपती हाच पुतण्या. दर ३१ जुलैला लळिंगला भीमस्मृती यात्रा भरते. पाऊस असो की चिखल, लेकरांना कडेवर घेऊन आयाबाया चढण चढतात.