परदेशची वाट : मंडळींबरोबर की आपली आपण?

मुंबईकडून निघालेली आगगाडी पनवेल सोडून पेणेवरून रोह्यास येते, आणि तेथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेचा प्रारंभ होतो. एके काळी ह्या मुलखातील मनुष्यास मुंबई गाठावयाची म्हणजे धरमतरच्या खाडीवर जाऊन आगबोटीची अगर मचव्याची वाट पाहत बसावे लागे. आता पनवेलजवळ, ह्याच रायगड जिल्ह्यात, नवे विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात प्रवाशांस खुले झाले आहे. त्यामुळे भोगावतीच्या काठी काय किंवा कुंडलिकेच्या काठी काय, संध्याकाळी ओटीवर बसून युरोपचा बेत करणे ही गोष्ट पूर्वीइतकी नवलाची राहिलेली नाही. नवलाचा राहिला आहे तो ह्या बेतातून उत्पन्न होणारा वाद. जावे की न जावे हा प्रश्न केव्हाच मागे पडला. प्रायश्चित्ताची भाषाही आता कोणी काढीत नाही. वाद आहे तो इतकाच की, एखाद्या सहल कंपनीच्या मंडळींबरोबर जावे, की तिकिटे, मुक्काम, गाड्या सर्व आपले आपण ठरवून निघावे.

ह्या प्रश्नावर बोलण्याचा पेण तालुक्यास अधिकार मोठा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे ह्याच तालुक्यातले. घरच्या कर्जाने गांजून, मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार ही वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशीस वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. वाटेत ते एकदा नव्हे, अनेकदा लुटले गेले. मिळविलेले द्रव्य बहुतेक गेले. घरी आली ती खांद्यावरील कावडीतून आणलेली गंगा. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून मराठी घरांत तो वाचला जात आहे. आमचे एक स्नेही विनोदाने म्हणतात की, भटजी एखाद्या कंपनीबरोबर गेले असते तर दक्षिणा सुखरूप घरी आली असती, पण ग्रंथ मात्र झाला नसता. विनोद म्हणून हे ठीक आहे. परंतु ग्रंथ व्हावा म्हणून कोणी आपल्या आईस लुटारूंच्या वाटेवर धाडीत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय भटजीसुद्धा एकटे नव्हते. बरोबर काका होते, आणि जेथे जावे तेथे ओळखीपाळखीने आश्रय देणारे महाराष्ट्रीय गृहस्थ होते.

आमच्या लोकांत अगदी एकट्याने प्रवास करण्याची चाल पूर्वी फारशी नव्हतीच. काशीस जाणारे संघाने जात. तेथे पोहोचल्यावर तीर्थोपाध्याय वही उघडून पणजोबांचे नाव वाचून दाखवी, आणि मग उतरण्याची जागा, स्नान, श्राद्ध, दर्शन, जेवण ही सर्व व्यवस्था त्याच्या हाती असे. परत आलेले यात्रेकरू गंगेच्या वर्णनाइतक्याच आवेशाने उपाध्यायाच्या मागण्यांचेही वर्णन करीत. आजच्या सहलीतील व्यवस्थापक आणि त्यास व मोटारहाक्यास द्यावयाची बक्षिसी ह्यांविषयी जी कुरकुर ऐकू येते, तिचा सूर आम्हांस फार परिचयाचा वाटतो.

स्वतंत्रपणे गेलेले लोकही ह्या भागाने पाहिले आहेत. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९१५ साली, महायुद्ध चालू असता, केंब्रिजला शिकावयास गेले. रोह्यातच जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले १९५४ मध्ये जपानातील धर्मपरिषदेस गेले. पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा तर १९६२ साली त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून चक्क पायी चालत गेले. पण हे सर्व कार्यार्थ गेलेले लोक. चार दिवस मौजेने देश पाहावा, एवढ्यासाठी सहकुटुंब निघणाऱ्यास त्यांचा दाखला उपयोगी पडत नाही.

मौजेच्या सहलीचा मूळ पुरुष इंग्लंडातील टॉमस कुक. १८४१ च्या जुलैत त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसे माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली. निमित्त मद्यपाननिषेधाच्या सभेचे होते. १८७२ साली तो एक लहानशी मंडळी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि २२२ दिवसांनी परतला. आमच्याकडे हा धंदा मराठी घरांच्या आवडीनिवडी ओळखून करणारे पुढे निघाले. केसरी पाटील यांनी १९८४ साली आपली कंपनी काढली, आणि त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ साली वेगळी. परदेशात वरणभात मिळेल ही एक हमी मिळाल्याबरोबर, जन्मात विमानात न बसलेली पुष्कळ वडील मंडळी घराबाहेर पडली. ह्या कंपन्यांचे हे श्रेय कोणी नाकारू नये.

आता आमच्या परिचयाच्या एका पेणकर कुटुंबाची हकीकत सांगतो; नाव सांगण्याचे कारण नाही. घरात पंचाहत्तरीच्या आजी, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडे. आजींचे गुडघे अजून धड आहेत, पण किती दिवस राहतील ह्याची खात्री वैद्यही देत नाहीत. बर्फाचा डोंगर एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. शिल्लक टाकलेला पैसा एकाच वारीस पुरेल इतका. थोरल्यांचे म्हणणे, कंपनीबरोबर जावे. धाकट्यांचे म्हणणे, कंपनीबरोबर गेल्यास देश खिडकीतून दिसतो. आपण घर भाड्याने घेऊ, स्वयंपाक करू, वाटेल तेव्हा उठू. महिनाभर वाद चालला. शेवटी थोरल्या सूनबाई, ज्या एरवी अशा वेळी फारशा बोलत नाहीत, शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, स्वयंपाक करू म्हणता, तो कोण करणार?”

ह्या एका वाक्यात ह्या विषयाचे निम्मे मर्म आहे असे आम्हांस वाटते. एकत्र कुटुंब स्वतंत्रपणे परदेशी जाते तेव्हा ते आपले स्वयंपाकघर पाठीवर घेऊन जाते. मुक्काम बदलला तरी सकाळचा चहा, दुपारची पोळीभाजी, मुलांचे कपडे, आजींच्या औषधांच्या वेळा ही कामे त्याच दोन हातांकडे राहतात. फक्त चूल परकी असते. कंपनीबरोबर गेलेल्या गृहिणीस दहा दिवस दुसऱ्याने रांधलेले ताट पुढे येते, एकादशीस काय खावे हेही आधी सांगून ठेवता येते. कित्येकींच्या बाबतीत आल्प्सपेक्षाही अपूर्व असा हाच देखावा असतो. पुरुषमंडळी स्वातंत्र्याची चर्चा करताना हे स्वातंत्र्य हिशेबात धरीत नाहीत.

तथापि धाकट्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. सहलीची मोटार घड्याळावर चालते, आणि ते घड्याळ व्यवस्थापकाच्या स्वभावावर अवलंबून नसते. युरोपातील कायद्याने मोटारहाक्यास साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाकाठी सामान्यतः नऊ तासांहून अधिक हाकता येत नाही. मग एखाद्या गावी आजींस देवळाच्या पायरीवर अर्धा तास बसावेसे वाटले तर चाळीस माणसांचा खोळंबा होतो. योंगफ्राउयोखचे उदाहरण घ्या. समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवरील ह्या खिंडीपर्यंत १९१२ पासून आगगाडी जाते. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून ती नेली आहे. तेथे वर हवा स्वच्छ आहे की ढग दाटले आहेत, हे खाली बसल्या बसल्या पडद्यावर पाहता येते. स्वतंत्र प्रवासी ढग पाहून तो दिवस खाली तळ्याकाठी घालवतो आणि दुसऱ्या दिवशी वर जातो. सहलीतल्या मनुष्यास मात्र कार्यक्रमपत्रिकेत जो वार असेल त्या वारी जावे लागते, आणि ढग असले तर पैसे भरून ढग पाहावे लागतात. ज्यांच्या सबंध प्रवासाचा हेतूच एक डोंगर पाहणे हा आहे, त्यांनी ही गोष्ट विसरून चालणार नाही. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. आजींच्या वयाच्या माणसाने निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, हे दोन्ही पक्षांस सारखेच लागू.

परवान्याची यातायात कंपनीबरोबर गेल्यास वाचते, हा समज अर्धाच खरा आहे. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे मोठ्या माणसांस जातीने द्यावे लागतात. गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सूट मिळते. २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसास ९० युरो शुल्क आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हे सर्व सहलवाल्यासही लागते आणि स्वतंत्र जाणाऱ्यासही. फरक एवढाच की, रोजच्या मुक्कामाचे कागद जुळविण्याचे काम कंपनी करते. व्हिसा नाकारला गेल्यास नुकसान मात्र बहुधा प्रवाशाचेच. तेव्हा पैसे परत मिळण्याच्या अटी बारीक अक्षरात असल्या तरी भिंग घेऊन वाचाव्या.

किमतीचेही तसेच. जाहिरातीतील आकडा दोघांनी एक खोली घ्यावी ह्या हिशेबाचा असतो. आजींसारख्या एकट्या बाईस स्वतंत्र खोली हवी असल्यास अधिक रक्कम पडते, नाहीतर अनोळखी बाईबरोबर राहावे लागते. पुष्कळदा किमतीचा काही भाग रुपयांत आणि काही युरोंत सांगितलेला असतो; रुपया घसरला की बेरीज वाढते. परदेशी सहलीच्या रकमेवर सरकार कराचा काही अंश आगाऊ वसूल करते. तो पुढे विवरणपत्रात जमा दाखविता येतो, पण निघताना खिशातून द्यावाच लागतो. कंपनी जुनी आणि नामांकित आहे एवढ्यावरही विसंबू नये. वर सांगितलेल्या कुकच्या नावाने चालणारी इंग्लंडातील कंपनी २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्रीत बंद पडली आणि दीड लाखांवर इंग्रज प्रवासी परदेशांत अडकले. त्यांस तेथील सरकारने परत आणले. भारतात त्याच नावाने चालणारी कंपनी वेगळ्या मालकीची असल्याने तिला ह्याची झळ लागली नाही.

पेणेस आणखी एक अडचण आहे, ती इतर गावांस नसते. बहुतेक कंपन्यांच्या मोठ्या सहली शाळांच्या सुटीत, एप्रिल-मे महिन्यांत निघतात. ज्यांच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, त्यांच्या हातांस त्या वेळी उसंत नसते. परदेशी जावयाच्या मूर्ती तर जहाजाने जात असल्याने कित्येक महिने आधी पेट्यांत भरून सज्ज कराव्या लागतात. पेणचा गणपती अशा रीतीने दरवर्षी परदेशी जाऊन पोहोचतो आणि त्यास घडविणारा घरीच राहतो. अनंत चतुर्दशीनंतर त्यास सवड मिळते, तोवर युरोपात पानगळीचा ऋतू येतो. दिवस लहान होऊ लागतात, पण गर्दी ओसरते आणि मुक्काम स्वस्त मिळतात. अशा कुटुंबाने, घरात एखादे तरी माणूस इंग्रजीत पत्रव्यवहार करण्याजोगे असेल तर, आपली आपण वाट धरावी असे आमचे मत आहे. स्वित्झर्लंडसारख्या देशात आगगाड्या इतक्या वेळेवर आणि इतक्या सोयीच्या असतात की, स्वतंत्र प्रवासाचा पहिला धडा तेथे गिरविण्यास हरकत नाही.

वर सांगितलेल्या घराचा कारखान्याशी संबंध नव्हता. त्यांनी शेवटी काढलेला मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटला. आजी, थोरले आणि थोरल्या सूनबाई कंपनीबरोबर जातील. मात्र सहल स्वित्झर्लंडात संपते अशीच निवडली आहे. धाकटे जोडपे मुलांना घेऊन स्वतंत्रपणे तेथे येऊन मिळेल, आणि सहलीची मंडळी परतली तरी हे सर्वजण डोंगराच्या पायथ्याशी आणखी पाच दिवस राहतील. ढग असले तरी पाचांतला एक दिवस निघेल, असा भरवसा आहे. ह्यासाठी परतीचे तिकीट निराळ्या तारखेचे घ्यावे लागते, आणि कंपनीस ते नावनोंदणीच्या वेळीच सांगावे लागते. मागाहून सांगितल्यास खर्च वाढतो किंवा साफ नकार मिळतो. व्हिसाच्या अर्जातही तेवढे दिवस धरले पाहिजेत. त्या पाच दिवसांचा स्वयंपाक धाकट्यांनी करावयाचा, हे सर्वांसमक्ष ठरले आहे.

सामानाची यादी आजींनी स्वतः केली आहे. तीतून साजूक तुपाची बरणी आणि पेढे काढावे लागले, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून आणण्यास युरोपीय संघाची मनाई आहे. मांसासही आहे, पण त्याचा ह्या घराशी संबंध नाही. पोहे, पापड, मेतकूट ह्यांस सहसा अडथळा होत नाही. पोहे रोह्याचे घ्यावे की पेणेचे, ह्यावर मात्र थोरल्या सूनबाईंचे माहेर रोह्याचे असल्यामुळे अजून एकमत झालेले नाही.