पंचाण्णव किलोमीटर आणि मामंजींची कॉन्टेसा

जळगावहून धुळ्याला जायचं तर रस्ता सरळ आहे. पंचाण्णव किलोमीटर, मध्ये पाळधी, एरंडोल, पारोळा आणि मग धुळं. रेल्वेने जायचं म्हटलं तर चाळीसगावचा वळसा पडतो, म्हणून खानदेशातली माणसं लेकुरवाळी असोत की म्हातारी, याच रस्त्याने जातात. पूर्वी हा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता नंबर त्रेपन्न झाला आणि चौपदरीकरणाने रस्ता ऐसपैस झाला. वेळ वाचतो हे खरं, पण कडेला थांबायचं झालं तर सावली शोधावी लागते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण आमचा सगळा प्रवास थांबत थांबतच झाला!

गाडी होती आमच्या मामंजींची. कॉन्टेसा. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना ती आठवत असेल. लांबलचक, रुंद, मागच्या सीटवर तिघी ऐसपैस बसून चौथीच्या मांडीवर डबा ठेवावा अशी. १९८४ साली ती आली तेव्हा ज्याच्या दारात ती उभी तो मोठा माणूस, असा हिशोब होता. गंमत म्हणजे सुरुवातीच्या या ऐटबाज गाड्यांच्या पोटात इंजिन मात्र अँबॅसडरचंच, १४८९ सीसीचं. म्हणजे शालू बनारसी आणि आत रोजचं नऊवारी! पण त्यामुळेच आडगावचा मिस्त्रीसुद्धा तिला ओळखीच्या नजरेने बघतो. २००२ मध्ये या गाड्या निघायच्या बंद झाल्या.

मामंजी गेल्यावर ती पाच वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी ह्यांनी बॅटरी नवी घातली, टायर बदलले, तशी ती सुरू झाली. गावात छान फिरायची. हायवेला लागली की मात्र दहा-पंधरा किलोमीटरवर आचके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नाही! जळगावच्या एका गॅरेजवाल्यांनी कार्ब्युरेटर नवा, पंप नवा आणि जमलं तर इंजिनच दुसरं बसवा असा लांबलचक कागद हातात दिला. तो वाचून धाकटे दीर म्हणाले, "भंगारवाल्याला फोन करतो." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी एवढंच म्हणाल्या, "धुळ्याला एकदा तिच्यातून जाऊ. मग काय करायचं ते करा." धुळ्याला त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. सासूबाईंचं वय ८१. मे महिना. आता सांगा, नाही कसं म्हणणार?

पहाटे साडेपाचला निघालो. केळीच्या बागा मागे टाकत बांभोरीजवळ गिरणा ओलांडली. डाव्या-उजव्या हाताला नदीचं रुंद पात्र, उन्हाळ्यात नुसती वाळू. इथंच विद्यापीठ आहे. १९९० साली ते निघालं आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला! सासूबाईंनी तिकडे बघून हात जोडले. आणि पाळधी येतं न येतं तोच गाडीने पहिला आचका दिला.

आमच्याकडे उन्हाळ्यात गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पेट्रोल पंपावर टाकायचं आणि वाट बघायची. हा उपाय चुकीचा नाही, बरं का. जुन्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. पेट्रोलमधले हलके अंश चाळीसएक अंशांनाच वाफ होऊ लागतात, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीसला जाते. मग नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप बिचारा वाफेला हलवत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. ह्यांनी फडकं टाकलं, दहा मिनिटांनी गाडी निघाली, सगळे खूश. एरंडोलच्या अलीकडे पुन्हा तेच.

एरंडोल गाव अंजनी नदीकाठचं. हीच पूर्वीची एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला तो इथलाच, असं इथले लोक सांगतात. जवळच जंगलात पद्मालयाचं गणपतीचं देऊळ आहे. तिथे एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आणि समोर कमळांचं तळं. वेळ असेल तर जरूर जा. आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार केला, चहा घेतला आणि पारोळ्याकडे निघालो. पारोळ्याच्या वेशीवर तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन तापायला लागलं होतं.

पारोळ्यात गावाच्या मधोमध खंदकाचा भुईकोट किल्ला आहे. झाशीच्या राणीच्या माहेरचं तांबे घराणं इथलं, असं पारोळेकर अभिमानाने सांगतात. आम्हाला मात्र भेटला तो बाजूच्या गल्लीतला एक मिस्त्री. साठीचा, अंगात बनियन, कानाला बिडी. बिडी गाडीजवळ येण्याआधी त्याने आपणहून विझवून दूर ठेवली. तेव्हाच मला हा माणूस पटला.

"काय व्हयनं, ताई?" त्याने विचारलं. ह्यांनी गरमीचं सांगितलं. त्याने मान हलवली. "पहिल्यांदा कुठे बंद पडली?" पाळधीला. "किती वाजता?" सहा वाजता. "मग गरमी कुठली? सहाला तर हवा गार." एवढा एकच प्रश्न, पण त्याने निम्मं काम झालं. मग त्याने विचारलं, बंद पडताना एकदम दिवा मालवल्यासारखी पडते का आचके खात? एकदम मेली तर बहुतेक वेळा करंटचा दोष, आचके खात मेली तर पेट्रोलचा. आणि गावात का चालते? तर कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. हळू चालवलं तर बारीक धारही पुरते. वेग घेतला की वाटीतलं संपतं आणि मागून भर येत नाही.

पेट्रोल वर का येत नाही ते बघायला त्याने टाकीपासून सुरुवात केली. मला हे फार आवडलं. आपण नळाला पाणी आलं नाही तर आधी गच्चीवरची टाकी बघतो, लगेच नवा नळ आणत नाही. पहिल्यांदा टाकीचं झाकण सोडलं. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार थांबते आणि दुसरं पाडलं की वाहते, तसंच टाकीचं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर आत पोकळी होते आणि पेट्रोल सुटत नाही. अशा वेळी झाकण उघडताना फुस्स असा आवाज येतो. आमचं उघडलं तर काही आवाज नाही. म्हणजे झाकण निर्दोष.

मग त्याने इंजिनचा करंट तोडला, कार्ब्युरेटरकडची नळी सोडून काचेच्या बाटलीत धरली आणि पंपाखालची छोटी दांडी हाताने हलवली. जुन्या पंपांना अशी दांडी असते. धार छान आली, मग बारीक झाली, मग थेंब थेंब. "बघा, पेट्रोल वर येस नही." पंपातला रबरी पडदा फाटला असता तर सुरुवातीलाच धार आली नसती, असं त्याचं म्हणणं. खात्री करायला त्याने पंपाची मागची नळी सोडवून एका स्वच्छ डबकीतल्या पेट्रोलमध्ये बुडवली. आता धार तुटेचना! म्हणजे पंप चांगला आणि खोट टाकीच्या बाजूला. जळगावच्या कागदावरचं सगळं सामान त्या एका डबकीने खोटं पाडलं.

खोट कोणती, तेही त्याने न उघडताच सांगितलं. मोरीच्या जाळीवर चहाचा चोथा अडकतो ना? पाणी वाहतं तोवर चोथा जाळीला चिकटून राहतो. पाणी थांबलं की सैल पडतो. टाकी पाच वर्षं अर्धवट रिकामी राहिली, तिला आतून गंज चढला. गाडी चालली की पंपाच्या ओढीने गंजाचे पापुद्रे नळीच्या तोंडाशी येऊन बसतात. गाडी थांबली, ओढ संपली की खाली पडतात. दहा मिनिटांनी गाडी "आपोआप" सुरू होण्याचं रहस्य ते. आमचं ओलं फडकं नुसतं वेळ काढत होतं!

तोवर त्याच्या घरात सासूबाईंना खाटेवर बसवून माठातलं पाणी दिलं होतं. मिस्त्रीची बायको त्यांना "बठा ना, माय" म्हणत होती, आणि दोघींचं उन्हाळ्याच्या बिबड्यांवरून जमलंसुद्धा. मिस्त्रीने मागच्या नळीत सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. टाकीत बुडबुड आवाज आला. "आता धुळ्यापर्यंत जाल. साठच्या वर नेऊ नका. तिथे टाकी उतरवा." पैसे विचारले तर त्याने शंभर रुपये सांगितले. ह्यांनी दोनशे दिले, त्याने शंभर परत केले.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट बजावते. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणारे मिस्त्री अजून आहेत. घरातल्या पुरुषांना ते करू देऊ नका. पेट्रोल पोटात गेलं तर उलटी मुद्दाम करवायची नाही, ते फुप्फुसात उतरतं. लगेच दवाखाना गाठायचा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडू द्यायचं नाही. मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी गाडीतून उतरवायचं. आणि उन्हाळ्यात या रस्त्याने निघताना प्यायचं पाणी गाडीच्या पाण्यापेक्षा वेगळं घ्यायचं, भरपूर.

पुढचे सदतीस-अडतीस किलोमीटर गाडी एकदाही थांबली नाही. मुकटी गेलं, फागणे गेलं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मामंजी याच रस्त्याने त्यांना माहेरी नेत, तेव्हा पारोळ्याला थांबून शेवभाजी खात, एवढं त्यांनी सांगितलं.

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता आणि आपला नागपूर-सुरत रस्ता एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाड्यांचं कुठलंही काम इथे होतं. टाकी उतरवायला दुपार लागणार होती. तेवढ्यात बहिणीबहिणींची भेट झाली. मावशींना उठता येत नव्हतं, पण खिडकीशी पलंग सरकवून त्यांना गाडी दाखवली होती. "भाऊसाहेबांची का ही?" म्हणून त्या हसल्या. संध्याकाळी मी थोडा वेळ काढून राजवाडे संशोधन मंडळाकडे जाऊन आले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावात वारले. आणि विनोबांनी १९३२ साली गीतेवरची प्रवचनं दिली ती इथल्याच तुरुंगात, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. हे गाव नुसतं ट्रकवाल्यांचं नाही, हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

टाकीतून जे निघालं ते गॅरेजवाल्यांनी वर्तमानपत्रावर पसरून दाखवलं. ओंजळभर तांबडा चुरा आणि नखाएवढे पापुद्रे. नळ्यांचं रबर फुगून मऊ झालेलं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, जुना साठलेला मळ सैल करतं, आणि त्या काळातलं रबर त्याच्यासाठी केलेलंच नव्हतं. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्या, टाकी आणि पंपाच्या मध्ये एक पारदर्शक फिल्टर बसवा म्हणजे मळ डोळ्यांना दिसतो, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत शिळं पेट्रोल ठेवू नका. टाकी धुणे, नळ्या, फिल्टर आणि मजुरी धरून जळगावच्या कागदावरच्या आकड्याचा दहावा हिस्सासुद्धा खर्च आला नाही.

दिरांना फोन केला. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता, त्याला त्यांनी नको म्हणून कळवलं. आम्ही धुळ्याला दोन दिवस जास्तच राहिलो, कारण सासूबाईंना बहिणीला घेऊन गाडीतून लळिंगच्या किल्ल्यापर्यंत चक्कर मारायची होती. मावशींना दोघांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं. सीट रुंद, त्यामुळे पाय पसरून निजता आलं.