पॅटर्नमधली माणसं

विरारच्या फुलपाड्यात पांढरा ड्रेस आणि कमरेला बेल्ट दिसला की लोक सरळ 'कराटे' म्हणून मोकळे होतात. मीही कराटेतूनच आले. शाळेच्या वयात शोतोकान शिकले होते, हेइआनचे काता पाठ होते. लग्नानंतर विरार पूर्वेला आले. पुढे मुलीला सोसायटीच्या हॉलमधल्या तायक्वांदोच्या क्लासला सोडायला जाऊ लागले आणि दारातच उभी राहून बघत बसायचे. पोरं जे करत होती त्यातलं बरंचसं मला ओळखीचं वाटत होतं. खालचा ब्लॉक, एक पाऊल पुढे, मधला पंच. पण शरीर वेगळंच हलत होतं. थोड्याच दिवसांत मी स्वतःचंही नाव घातलं.

फरक गुडघ्यात होता. शोतोकानमध्ये डोकं एका पातळीत ठेवून सरकायचं, कंबर वर-खाली होऊ द्यायची नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. इथे प्रत्येक हालचालीआधी गुडघे सैल सोडून अंग किंचित खाली, मग वर आणि पंच लागतानाच पुन्हा खाली. आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशनच्या पद्धतीची ही खूण. हेतू सरळ आहे : ठोसा पोचतो त्या क्षणी सगळं वजन खाली उतरत असलं पाहिजे. हात, पाय आणि श्वास एकाच क्षणी थांबले पाहिजेत. सर ओरडायचे, "मॅडम, हात आधी पोचतोय, अंग मागून येतंय!" पावसाळ्यात हॉलची फरशी ओलसर असते, तेव्हा तर हे फार नीट कळतं. वजन वेळेवर उतरलं नाही तर पाय घसरतोच.

ओळखीचं का वाटत होतं, तेही नंतर कळलं. तायक्वांदो दोन हजार वर्षं जुनं आहे असं क्लासमध्ये, पोस्टरवर, सगळीकडे ऐकू येतं. कोरियात लढण्याच्या जुन्या परंपरा आहेतच. पायांच्या लयीवर चालणारं तेक्क्योन 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. कमरेला आणि मांडीला बांधलेला पट्टा धरून वाळूत खेळायची स्सिरुम ही कुस्ती 2018 मध्ये दोन्ही कोरियांच्या नावावर एकत्र नोंदवली गेली. राजा जोंगजोच्या काळात, 1790 मध्ये तयार झालेला युद्धकलेचा सचित्र ग्रंथ आजही आहे. पण आम्ही हॉलमध्ये जे करतो त्याचा सांगाडा विसाव्या शतकातला आहे आणि त्यात जपानी कराटेचा मोठा वाटा आहे. आमच्या पद्धतीचे जनक जनरल चोई होंग-ही तरुणपणी जपानमध्ये कराटे शिकले होते. तायक्वांदो हे नाव ठरलं 1955 मध्ये, फेडरेशन निघालं 1966 मध्ये. मला यात कमीपणा वाटत नाही. 1910 ते 1945 ज्या जपान्यांनी कोरियावर राज्य केलं, त्यांच्याकडून शिकलेली विद्या घेऊन कोरियन माणसांनी काय केलं, ते बघायला हवं.

त्यांनी तिला आपल्या माणसांची नावं दिली.

आमच्या पद्धतीत चोवीस पॅटर्न, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, आहेत. बहुतेक पॅटर्न कोरियाच्या इतिहासातल्या कुणाच्या ना कुणाच्या नावाचे आणि हालचालींची संख्याही पुष्कळदा अर्थ धरून ठरवलेली. युल-गोकच्या हालचाली 38, कारण त्या विद्वानाचं जन्मस्थान 38 अक्षांशावर. ह्वा-रांगच्या 29, कारण या कलेची वाढ सैन्याच्या 29व्या डिव्हिजनमध्ये झाली. बेल्टच्या परीक्षेत हे तोंडी विचारतात. मुलं पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. बऱ्याच पालकांचं लक्ष मेडलवर असतं. स्पारिंग असलं की हॉल भरतो, पॅटर्नचा दिवस असला की पोरांना सर्दी होते. मला ते खरंच खटकतं. किक कुठल्याही व्हिडिओवरून शिकता येईल, पॅटर्न मात्र कुणीतरी समोर उभं राहून हातात द्यावा लागतो.

निळ्या बेल्टला जुंग-गुन शिकवतात. हालचाली 32. आन जुंग-गुन यांचं हे नाव. कोरियावर नेमलेले पहिले जपानी रेसिडेंट-जनरल इतो हिरोबुमी यांना त्यांनी 26 ऑक्टोबर 1909 रोजी हार्बिन स्टेशनवर गोळ्या घातल्या. 26 मार्च 1910 ला त्यांना फाशी झाली. तेव्हा कोरियन गणतीनं त्यांचं वय 32, म्हणून हालचाली 32.

या तारखा मी वहीत उतरवल्या आणि थबकले. 21 डिसेंबर 1909 : नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 : ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी. हार्बिन ते नाशिक दोन महिनेही नाहीत, दोन फाशींमध्ये महिनाही नाही. कान्हेरे अठरा वर्षांचा होता, माझ्या क्लासमधल्या मोठ्या मुलांएवढा. आणि ठाणे आम्हाला परकं नाही. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत आमचा जिल्हा ठाणेच होता.

आता मी सरांच्या हाताखाली लहान बॅचला शिकवते. जुंग-गुन सुरू करण्याआधी या चार तारखा फळ्यावर लिहिते. मग आनच्या हाताबद्दल सांगते. देशासाठी शपथ घेताना त्यांनी आणि साथीदारांनी डाव्या अनामिकेचं टोक कापलं होतं. तुरुंगात त्यांनी ब्रशनं अक्षरं लिहिली आणि खाली शिक्का म्हणून तो अपुरा पंजा उमटवला. पॅटर्नची पहिलीच हालचाल उघड्या पंजाची, अंगठ्याकडच्या कडेनं अडवायची. हाताची गोष्ट ऐकल्यावर मुलं बोटं सैल सोडत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

पुढचं अवघड काम म्हणजे संथ हालचाली. सगळं जोरात चाललेलं असताना मध्येच लांब, खोल पवित्रा घेऊन तळहातानं हळूहळू खाली दाबायचं. तेही दोन्ही बाजूंनी. मग पाय जुळवून छातीसमोर तितकाच हळू पंच. इथे कुणाला फसवता येत नाही. वेगात झाकलेला तोल संथपणात उघडा पडतो. मांड्या थरथरतात, श्वास आधीच संपतो. यावर माझा उपाय जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्यांचा. चढायला सगळेच तयार असतात, मी मुलांना उतरायला लावते. सावकाश, टाच न आपटता. शेवटच्या दोन हालचाली दोन्ही हातांनी काठी अडवण्याच्या आहेत. घरी कुणी लाठी फिरवलेली असेल तर ते मूल हे एका दिवसात उचलतं. बाकीच्यांच्या हातात मी खरीच काठी देते.

चुंग-मूबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांचा लाडका, उडत्या साइड किकमुळे. हे ॲडमिरल यी सुन-शिन. राजानं पद काढून साधा शिपाई केलं, तरी 1597 मध्ये तेरा जहाजं घेऊन शंभरावर जपानी जहाजांसमोर उभे राहिले. पुढच्याच वर्षी नोर्यांगच्या लढाईत गेले. पॅटर्न डाव्या हाताच्या पंचावर संपतो. या माणसाला आपलं पूर्ण बळ दाखवायची संधी मिळाली नाही, याची ती खूण असं आम्हाला शिकवतात. अर्नाळ्याचा किल्ला पाहिलेल्या मुलांना समुद्रावरची लढाई समजावावी लागत नाही.

मी स्वतः सध्या पो-उन करते आहे. हालचाली 36. राजवंश बदलला तरी आपली निष्ठा बदलायला तयार न झालेल्या आणि 1392 मध्ये मारल्या गेलेल्या कवी-विद्वानाच्या नावाचा. सगळा पॅटर्न एका सरळ रेषेत, डावीकडून उजवीकडे आणि परत, जवळजवळ पूर्ण वेळ घोडेस्वारासारखं बसून. हॉल रिकामा मिळावा म्हणून मी मुलांच्या बॅचआधी जाते. एका पायावर तोल धरून हात उचलायची जागा अजून हलते. सर म्हणतात, डाव्या पायाचा घोटा आत पडतोय, तिथून सुरुवात करा.